‘इतर’ नावाचा रकाना

“एक्सेल हाये ना आपल्याकडं, तेच टाक न सॉफ्टवेअरमंदी!” यवतमाळकडच्या एका कृषी केंद्राच्या मालकाचं हे वाक्य ऐकून, त्याच्या दुकानाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या माझं डोकं आता बधिर झालंय. ते एक्सेल पाहा तरी! एकाच चौकटीत : ‘युरिया २, डीएपी १, पोरगा घेऊन गेला, पैसे कापूस विकल्यावर.’ आणि याच्यातून मी रिपोर्ट काढायचा की हंगामात युरिया किती गेला!

एका चौकटीत एकच गोष्ट ठेवा, हे संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडनं १९७० सालीच मांडलं. आमच्याकडं ते अजून पोचायचंय.

म्हटलं, ग्राहकाला क्रमांक देऊ. एका गावात एकाच नावाचे तीन पांडुरंग, मोबाईल घरात एकच, तोही सिम बदललं की गेला. तर म्हणे, “नंबर कायले? मी सगळ्यायले चेहऱ्यानं ओळखतो.” आता चेहऱ्याची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) कशी करू?

आणि भाव! बिलाच्या ओळीत त्या दिवशीचा भाव वेगळा साठवावा लागतो, हे घसा कोरडा करून सांगितलं. “एकच भाव दोनदा काऊन लिवतं?” म्हणून तो रकाना काढायला लावला. (मीही काढला, चुकलंच माझं.) बियाण्याचा भाव वाढला, मालाच्या तक्त्यात बदलला, जुनी बिलंही आता भाव तिथूनच उचलणार, आणि जूनमधली सगळी बिलं एका रात्रीत फुगली. उधारीवाले दुकानात, शिव्या मला.

काल परत फोन. “भाऊ, एक रकाना वाढवून दे न. ‘इतर’ नावाचा.”