परतावा अडतो तो इथे

सगळं ऑनलाइन झाल्यानं निर्यात सोपी झाली, असं निर्यातीवरच्या एका लेखात म्हटलंय. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड, घरबसल्या मिळतो, हे खरं. पण वाशीहून अमेरिकेला हापूस पाठवून बघा. बागेची नोंदणी, विकिरण (कीड मारण्यासाठी फळांवर किरणांचा मारा), तपासणी, फायटोसॅनिटरी म्हणजे कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र. हे नियम असायलाच हवेत. फळमाशीपायी 2014 मध्ये युरोपनं आपला आंबा बंद केला होता. पण जीव जातो तो बारीकसारीक गोष्टींत. आमच्या शिपिंग बिलावरचा (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) इनव्हॉइस नंबर जीएसटी रिटर्नमधल्या नंबरशी एका आडव्या रेघेपुरता जुळला नाही, आणि निर्यातीच्या मालावर भरलेल्या आयजीएसटी कराचा परतावा लटकला. बागायतदार तोवर पैशांसाठी थांबतो का? त्याला रोख द्यावीच लागते. छोट्या निर्यातदाराचं खेळतं भांडवल तिथेच अडकतं. अशी तफावत किती दिवसांत निस्तरायची याची मुदत ठरवा, आणि त्याला जबाबदार असा एक अधिकारी नेमा.