जुना कंटेनर, ताजा रंग: एका फिरत्या संदेशाला उत्तर

शेतावर किंवा बांधकामाच्या जागेवर सामान ठेवण्यासाठी जुना मालवाहू कंटेनर घेऊ पाहणाऱ्यांकडे हल्ली एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा: कंटेनर कॉर्टेन पोलादाचा असल्याने गंजत नाही, दारावर सीएससीची पाटी असली की तो सुस्थितीत आहे असे समजावे, जहाजावर एकावर एक रचतात, तेव्हा वर कितीही वजन टाकावे आणि हव्या तिथे खिडक्या कापाव्यात, म्हणून यार्डात खेपा न घालता फोटो पाहून पैसे भरावेत.

मीही असाच पैसे भरून बसलो होतो. उरणजवळच्या एका यार्डातून घेतलेला २० फुटी कंटेनर फोटोत लखलखीत निळा होता आणि पहिल्याच पावसात त्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या खताच्या गोण्या भिजल्या. शिडी लावून छत पाहिले, तर कोपऱ्याच्या लोखंडी ठोकळ्याशेजारी पोचा होता, त्यात पाणी साचले होते आणि निळ्या रंगाखाली भोक सीलंटने बुजवलेले होते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवताच ते आरपार गेले. क्रेनची पकड कोपऱ्यावर बसताना चुकली की छताला नेमके तिथेच पोचे पडतात, हे मला नंतर कळले.

आता कॉर्टेनविषयी. या पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात असतात आणि त्यावर धरणारा गंजाचा घट्ट थर आतल्या धातूला जपतो, हे खरे आहे. पण तो थर ओले होऊन पुन्हा वाळणाऱ्या पृष्ठभागावरच नीट धरतो. जिथे पाणी साचून राहते किंवा खारे वारे मीठ आणून सोडतात, तिथे तो टिकत नाही, आणि बाजूचा पत्रा मुळातच जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर जाड असतो. वरवरचा तांबूस गंज दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पापुद्रे सुटत असतील तर मात्र तो भाग गेलेला समजावा, आणि ते पापुद्रे सहसा दिसत्या भिंतीवर नसून दाराच्या उंबरठ्यात, खालच्या लांब पट्टीत आणि तळाखालच्या आडव्या पट्ट्यांत असतात. त्यासाठी वाकून, बॅटरी घेऊन, कंटेनरच्या खाली पाहावेच लागते.

सीएससी म्हणजे सुरक्षित कंटेनरांविषयीचा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या पाटीवर उत्पादनाची तारीख, कमाल वजन आणि रचण्याची क्षमता कोरलेली असते. म्हणजे कंटेनर तयार झाला तेव्हा तो मंजूर नमुन्याप्रमाणे होता, एवढेच ती सांगते. पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत आणि त्यानंतर दर ३० महिन्यांनी व्हावी लागते, किंवा मालकाला सततच्या तपासणीची मान्यताप्राप्त योजना चालवावी लागते. कंटेनर जहाजांच्या फेऱ्यांतून बाहेर पडला की ही साखळी बहुधा तुटते, पाटी मात्र दारावर तशीच राहते.

पाटीशेजारी तळाच्या फळ्यांवर केलेल्या औषधोपचाराची नोंदही असते, आणि शेतकऱ्याने ती आवर्जून वाचावी. साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या या प्लायवूडमध्ये कीड लागू नये म्हणून कीटकनाशक मुरवलेले असते. शिवाय आधीच्या फेऱ्यांत तिथे काय सांडले, याचा पत्ता लागत नाही. उग्र वास किंवा काळे डाग असलेल्या तळावर धान्याची पोती ठेवू नयेत.

वजनाचा दावा तर धोक्याचा आहे. रचलेल्या कंटेनरांचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतो, छतावरून नव्हे. छताची चाचणी ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो ठेवून होते, म्हणून वर मातीचा थर टाकण्याचा सल्ला जीवावर बेतू शकतो. नागमोडी भिंतीही चौकटीला ताठ धरतात. मोठी खिडकी कापायची तर भोवती पोलादी चौकट वेल्ड करावी लागते.

राहिला फोटोंचा प्रश्न. दारे आतून ओढून घेऊन अंधारात पाच मिनिटे उभे राहिल्यावर छतातून किंवा दाराच्या रबराजवळून येणारा उजेड फोटोत दिसत नाही. सपाट जमिनीवर असूनही दारे पहारीशिवाय लागत नसतील, तर चौकट पिळलेली असण्याची दाट शक्यता असते. तेही जागेवर गेल्यावरच कळते. कागदांचेही तसेच आहे. परदेशी कंटेनर सहा महिन्यांत परत पाठवण्याच्या अटीवर सीमाशुल्क न भरता देशात येतात, म्हणून येथे विकल्या जाणाऱ्या अशा कंटेनरचे शुल्क भरल्याचा पुरावा विक्रेत्याकडे मागावा. दारावरची चार अक्षरे आणि सात अंक त्या कागदावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळत नसतील, तर उरलेली रक्कम देऊ नये आणि ट्रेलरही बोलावू नये.