कागदं घरीच ठेवा

गाडीची सगळी कागदं सोबत घेऊन फिरणारा माणूस चौकात कुणालाच आवडत नाही, हे आधी ध्यानात घ्या. ट्रॅफिकच्या मामांनी हात केला, तुम्ही गाडी कडेला घेतली आणि डिकीतल्या पिशवीतून आरसी, लायसन, इन्शुरन्स, पीयूसी असं सगळं काढून पुढं धरलं, की त्यांचा चेहरा पडतो. मग त्यांना गाडीभोवती फेरी मारावी लागते. आरसे दोन्ही आहेत का, मागचा दिवा लागतो का, नंबर प्लेटवरचे आकडे नको तितके देखणे आहेत का. एप्रिल-मे महिन्यात, मराठवाड्याच्या उन्हात, ड्युटीवरच्या माणसाला असं राबवू नये. एखादा कागद कमी ठेवा, त्यांचंही लवकर आटोपतं.

कोणता कमी ठेवायचा, ते मात्र विचार करून ठरवा. आरसी नुसती घरी राहिली तर कलम १७७, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. विमाच नसेल तर कलम १९६, रुपये २,०००. लायसन न काढताच गाडी हाकत असाल तर १८१ आणि ५,०००. पीयूसीचा कागद सगळ्यांत बारका, पण प्रदूषणाचं कलम १९० पुस्तकात थेट १०,००० पर्यंत जातं. हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे. महाराष्ट्रानं दोन वर्षं दम धरला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दंड लागू केला. त्या दिवशी चौकातल्या दयेचाही भाव वाढला, हे कुणी पेपरात छापलं नाही. पूर्वी ‘शंभर भरावे लागतील’ म्हटल्यावर लोक खुशाल भरायचे. आता ‘दहा हजार होतील बघा’ असं ऐकलं, की पुढची दोनशेची गोष्ट देवमाणसाची वाटते. म्हणून आकडे पाठ करा, पण बोलून दाखवू नका. चौकात कलम सांगणाऱ्याला ‘वकील हाय का तू?’ असा एकच प्रश्न येतो, आणि उत्तर काहीही दिलं तरी पावतीवर आणखी दोन कलमं चढतात.

आता मोबाईलबद्दल. डिजिलॉकर आणि एमपरिवाहन या सरकारी ॲपमधली कागदं सरकारनं २०१८ मध्येच ग्राह्य धरली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर नियमातच आलं, की तपशील ऑनलाइन पडताळता आला तर छापील कागद मागायचा नाही. म्हणून तुम्ही मोठ्या विश्वासानं मोबाईल पुढं करता. मामा काचेवर सावली धरून बघतात आणि म्हणतात, ‘हे चालत नाही, ओरिजनल काढा.’ इथं वाद घालू नका. मोबाईल चालतो, तुम्ही तो फक्त चुकीच्या बाजूनं दाखवलात. स्क्रीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरण्याऐवजी कानाला लावून द्या आणि म्हणा, ‘भाऊंशी बोला.’ त्याच मोबाईलला तेव्हा रेंजही येते, ओरिजनलची गरजही उरत नाही. पलीकडचे भाऊ कोण, त्यांच्याकडं पद कोणतं, हेही पडताळलं जात नाही. आवाज जरा झोपेतून उठल्यासारखा असला की पुरे.

भाऊ नसतील तर काचेवर पाटी लावा. पाटीला मुदत नसते, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडच्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढं कितीतरी दिवस तिथं प्रशासक बसले. पण ‘सदस्य, जिल्हा परिषद’ लिहिलेल्या गाड्या त्या सगळ्या काळात सुखानं फिरत राहिल्या. त्याच चौकात तीन दिवसांपूर्वी पीयूसी संपलेला मास्तर गाडी स्टँडवर लावून उभा. मास्तरानं पाटी करून घ्यायला हवी होती. पेंटरकडं पीयूसीपेक्षा थोडे जास्त पैसे लागतात, पण दर वर्षाला रांग नाही.

कपडे पांढरे असावेत. गमछा असेल तर त्याचा रंग सध्या कोण सत्तेत आहे ते बघून. आणि शक्यतो आपला जिल्हा सोडू नका. नांदेड पासिंगची गाडी लातुरात, लातूर पासिंगची परभणीत, परभणीची बीडात, अशी गेली की ती लांबूनच ओळखू येते आणि हात आपोआप वर होतो. ‘कुठून आलाव? कुठं चाललाव?’ इथपासून सुरुवात. दवाखान्यात चाललोय म्हणालात तर दवाखान्याचा कागद विचारतात, लग्नाला म्हणालात तर पत्रिका. गाडीचा कागद विचारायची पाळी फार उशिरा येते.

एक गोष्ट खरीच कबूल करायला हवी. मागं म्हातारी आजारी बसलेली बघून ‘जावा, पण उद्या इन्शुरन्स काढा’ म्हणणारे मामाही असतात, आणि कायद्यानं माणसाला एवढी जागा ठेवलीच पाहिजे. अडचण इतकीच, की त्या जागेत पांढरी स्कॉर्पिओ आधीच पार्क केलेली असते.

दिसण्याचा हा नियम उसाच्या हंगामात फार छान कळतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री झुलत येतो. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नंबर उसाच्या पाचटात गेलेला. एवढी मोठी वस्तू नजरेतून सुटते, आणि तिच्यामागं धूळ खात येणारा हेल्मेट घातलेला पोरगा बरोबर सापडतो. लहान वस्तू नीट दिसणं ही नजर चांगली असल्याची खूण आहे. तेव्हा जमलं तर मोटरसायकलवर न जाता ट्रॉलीतून जा.

वेळेवर काम करायची खोड असेल तर तीही सोडा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवीन सुरक्षा नंबर प्लेट लावा, म्हणून मुदत दिली ३१ मार्च २०२५ ची. भित्री माणसं उन्हातान्हात सेंटर हुडकत गेली, दुचाकीचे ४५० रुपये आणि वर जीएसटी भरून आली. मग मुदत एप्रिलअखेर झाली, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, आणि त्याच्याही पुढं. मंत्रालय एवढ्या मोठ्या मनानं सोडून देतं, तिथं चौकातल्या हवालदारानं हात आखडता का घ्यावा?

एवढं करूनही सापडलात, तर ‘पावती नको, बघून घ्या’ हे वाक्य घाईनं बोलू नका. ते त्यांच्याकडून यावं लागतं. आधी ‘मशीन बंद हाय’ येईल, मग ते लांब कुठंतरी बघतील, मग चहाचा विषय निघेल. तोवर हवालदाराला ‘साहेब’ म्हणा आणि फौजदाराला ‘मोठे साहेब’. सुटलात, की पुढच्या चौकात दुसरे मामा उभे असतातच. तिथं गाडी न थांबवता, थोडी हळू करून सांगा, ‘आत्ताच मागं झालं, साहेब.’ हा परवाना सगळीकडं चालतो. ते विचारतील, ‘किती झालं?’ दोनशे दिले असतील तर पाचशे सांगा आणि निघा. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर दोघं भेटतातच, मधल्या तीनशेचं काय ते आपसात बघून घेतील.