‘कॅग आहे ना!’ एवढ्यानं भागत नाही

स्वतंत्र राजकोषीय परिषदेचा, म्हणजे सरकारचे जमाखर्चाचे अंदाज सरकारबाहेरून तपासणाऱ्या संस्थेचा, विषय निघाला की तीन आक्षेप हमखास ऐकू येतात: सरकारी हिशेबांचं लेखापरीक्षण करणारं कॅग आणि केंद्र-राज्यांतलं करवाटप सुचवणारा वित्त आयोग असताना आणखी एक संस्था कशाला? तज्ज्ञांचे अंदाज तरी कुठे खरे ठरतात? आणि निवडून न आलेल्यांनी सरकारला का शिकवावं?

कॅगचं काम पैसा खर्च झाल्यावर सुरू होतं. आकडा मांडला जातो त्या दिवशी तो तपासणारं आपल्याकडे कुणीच नाही. जुलै 2019 चा केंद्रीय अर्थसंकल्प बघा. आदल्या वर्षीची करवसुली त्यात 22.48 लाख कोटी रुपये दाखवली होती. प्रत्यक्षात ती सुमारे 20.8 लाख कोटीच झाल्याचं सरकारच्याच तात्पुरत्या हिशेबात आधीच आलं होतं. म्हणजे 24.61 लाख कोटींचं नवं उद्दिष्ट गाठायला 18 टक्के वाढ लागणार होती. जमा झाले 20.10 लाख कोटी. सप्टेंबरमधली कंपनी करातली कपात आणि मंदावलेली अर्थव्यवस्था यांचा त्यात वाटा आहेच. पण पायाच चुकीचा आहे हे जुलैतच कुणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं होतं.

वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमला जातो, अहवाल देतो आणि विसर्जित होतो. शिवाय चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगांनीच अशी स्वतंत्र संस्था सुचवली आहे. आयोग पुरेसा आहे म्हणणाऱ्यांनी निदान आयोगाचं तरी ऐकावं.

अंदाज चुकतात, हे खरं. ब्रिटनमधली अशीच संस्था म्हणजे 2010 मध्ये स्थापन झालेलं अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालय; त्याचे उत्पादकतेचे अंदाज वर्षानुवर्षं फाजील आशावादी निघाले. पण आपलं कुठे चुकलं, हे ते कार्यालय स्वतःच छापून सांगतं. चूक आणि सोयीचा आकडा यांत मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

राहिला लोकशाहीचा मुद्दा. अशा संस्थेकडे नकाराधिकार नसतो. सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी या कार्यालयाचा अंदाज न घेताच सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्यांना कुणी अडवलं नाही. सरकारी रोखे मात्र कोसळले आणि पाचव्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावं लागलं.

आणि निवडून आलेल्यांनाच तर या माहितीची गरज आहे. 28 जून 2024 ला महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात वर्षाला 46,000 कोटींची ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. दोन आठवड्यांच्या आत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पापलीकडच्या जादा खर्चाच्या) आल्या, त्यात या योजनेचे 25,000 कोटी. बायकांच्या हाती पैसा जावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढच्या वर्षी तरतूद 36,000 कोटींवर आली. महिन्याच्या 1,500 रुपयांवर जिनं घरखर्च बेतला, तिला हे पैसे किती वर्षं आणि कुठून मिळणार, याचं स्वतंत्र गणित जूनमध्येच प्रत्येक आमदाराच्या बाकावर असायला हवं होतं.