ऑगस्टच्या आकड्यांवर रुकी क्वार्टरबॅकचा निकाल लावू नका

८ ऑगस्ट २०२५ ला रुकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, क्वार्टरबॅक (पास टाकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) शेडूर सँडर्स अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. सामना प्रीसीझनचा, म्हणजे खरा सीझन सुरू होण्याआधीचा. कॅरोलायना पँथर्सविरुद्ध २३ पैकी १४ पास पूर्ण, १३८ यार्ड, दोन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण). ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पाचव्या फेरीपर्यंत, १४४ व्या क्रमांकापर्यंत घसरलेल्या या पोराला सगळ्या संघांनी ओळखलंच नाही, अशी चर्चा त्याच रात्री सुरू झाली. मग २३ ऑगस्टला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध ६ पैकी ३ पास, १४ यार्ड आणि पाच सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच पाच वेळा पाडला गेला. लगेच सूर पालटला: बघा, उगाच नाही कुणी घेतला नव्हता. पंधरा दिवसांत तोच माणूस आधी हिरा ठरला आणि मग गारगोटी.

दोन्ही वेळचे न्यायाधीश एकाच समजुतीवर उभे होते. दर ऑगस्टला ती नव्याने फिरते आणि साधारण अशी असते: रुकी क्वार्टरबॅकमध्ये दम आहे की नाही हे प्रीसीझनच्या तीन सामन्यांतच दिसतं. आकडे खोटं बोलत नाहीत. एखाद्या पासच्या क्लिपमध्येही माणूस ओळखू येतो. जो राखीव खेळाडूंसमोर अडखळतो तो खऱ्या सामन्यात काय दिवे लावणार? डॅक प्रेस्कॉट आणि रसेल विल्सन ऑगस्टमध्येच चमकले होते. आणि प्रशिक्षक तरी दुसरं काय बघून संघ ठरवतात?

ऐकायला बिनतोड वाटतं. मला यातला एकेक मुद्दा चूक वाटतो, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांवर या समजुतीमुळे दरवर्षी जो शिक्का बसतो तो मला अन्यायाचा वाटतो.

आधी आकडे. क्वार्टरबॅक मोजायची जुनी पट्टी म्हणजे पासर रेटिंग. पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास), हे चारही एकूण पासांच्या प्रमाणात धरून ती काढतात, कमाल १५८.३. या 'प्रमाणात' शब्दातच मेख आहे. न्यूयॉर्क जेट्सने २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या झॅक विल्सनचा प्रीसीझन घ्या: २० पैकी १५ पास, १९१ यार्ड, २ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. रेटिंग १३७.७. आता ह्यूस्टन टेक्सन्सचा सी. जे. स्ट्राउड, २०२३, तोही दुसऱ्याच क्रमांकाचा: २० पैकी ११ पास, ८९ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. रेटिंग ६२ च्या आसपास. दोघांनी बरोबर वीस-वीस पास टाकले, त्यामुळे हिशेब शेजारी शेजारी मांडता येतो.

वीस पासांत एक टचडाउन म्हणजे रेटिंगमध्ये जवळपास १७ गुणांची भर. एक इंटरसेप्शन म्हणजे जवळपास २१ गुणांचा फटका. स्ट्राउडचा तो एकच चेंडू बचावपटूच्या हातून निसटून खाली पडला असता, तर त्याचं रेटिंग ६२ चं ८३ झालं असतं. हात तोच, नजर तीच, चुकीचा निर्णयही तोच. फरक फक्त समोरच्याच्या बोटांचा. पूर्ण सीझनमध्ये पाचशे पास टाकणाऱ्याचं रेटिंग एका इंटरसेप्शनने पुरता एक गुणही हलत नाही. ऑगस्टमध्ये मात्र एकवीस गुण हलतात आणि त्यावर लोक पोराचं भविष्य सांगून मोकळे होतात.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ते शेजारी ठेवून बघितलं जात नाही. स्ट्राउडचा पहिला सामना १० ऑगस्ट २०२३ ला फॉक्सबरोमध्ये पॅट्रिअट्सविरुद्ध होता. ४ पैकी २ पास, १३ यार्ड, आणि जेलन मिल्सने पकडलेला तो इंटरसेप्शन. टेक्सन्सने चुकीचा माणूस उचलला, असं दुसऱ्या दिवशी सकाळी ठामपणे सांगणारे कमी नव्हते. त्याच सीझनमध्ये त्याने ४९९ पास टाकले. ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. ५ नोव्हेंबरला टॅम्पा बेविरुद्ध ४७० यार्ड, जो एका सामन्यातला रुकीचा विक्रम ठरला. टेक्सन्स १०-७ ने (दहा विजय, सात पराभव) प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेले आणि तिथे पहिल्याच सामन्यात क्लीव्हलँडला ४५-१४ ने हरवून आले. झॅक विल्सनने त्याच्या पहिल्या सीझनमध्ये ९ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन दिले. २०२४ मध्ये जेट्सने त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं.

दुसरा मुद्दा राखीव खेळाडूंचा, आणि हा सगळ्यांत पटकन पटतो. समोर दुय्यम फळी असूनही जमलं नाही, तर पहिल्या फळीसमोर कसं जमणार? पण समोरचे राखीव असतात तेव्हा बरेचदा आपलेही राखीवच असतात. ऑगस्टमध्ये प्रत्येक संघात नव्वद खेळाडू असतात. महिनाअखेरीस त्रेपन्नच उरतात. रुकीला सांभाळणाऱ्या लाइनमधले दोघे-तिघे दहा दिवसांनी संघातच नसतात, असं सर्रास होतं. पास झेलणाऱ्या रिसिव्हरचंही तसंच. एनएफएलमध्ये बरेचसे पास रिसिव्हर वळायच्या आधीच हातातून सुटलेले असतात. तो ठरलेल्या पावलावर वळेल या भरवशावर चेंडू जातो. हा भरवसा रोजच्या सरावातून येतो. ज्याच्याबरोबर आठवड्यात मोजकेच पास टाकलेत, त्याच्याबरोबर तो कुठून येणार?

दुसऱ्या बाजूने बघितलं तर ऑगस्ट सोपाही असतो. कुणीही आपले डावपेच उघडे करत नाही, कारण सप्टेंबरमधले प्रतिस्पर्धी तीच चित्रफीत घेऊन बसणार असतात. ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटू सोडणं) कमी, बचावाची रचना साधी, आणि स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी जे दिसतं तेच बहुधा स्नॅपनंतरही घडतं. रुकीचं खरं दुखणं नेमकं इथे लपून राहतं. झॅक विल्सनचे ते दोन्ही टचडाउन २१ ऑगस्टला ग्रीन बेमध्ये आले, ११ पैकी ९ पास आणि १२८ यार्डांसकट. त्या दिवशी पॅकर्सनी आपले बहुतेक मुख्य खेळाडू बसवून ठेवले होते. चार आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, समोर प्रशिक्षक बिल बेलिचिकच्या पॅट्रिअट्सचा बचाव होता. विल्सनचे पहिले दोन पास थेट त्यांच्या हातात गेले. एकूण चार इंटरसेप्शन, सामना ६-२५. स्नॅपआधी एक चित्र दाखवायचं आणि स्नॅपनंतर दुसरंच उभं करायचं, हे बेलिचिकने आयुष्यभर केलं. तो प्रश्न ऑगस्टच्या पेपरात नव्हताच.

केनी पिकेटचंही असंच. २०२२ च्या प्रीसीझनमध्ये पिट्सबर्गसाठी ३६ पैकी २९ पास, तीन टचडाउन, शून्य इंटरसेप्शन. २ ऑक्टोबरला जेट्सविरुद्ध मध्यंतरानंतर तो पहिल्यांदा खऱ्या सामन्यात आला. १३ पास टाकले, दहा स्वतःच्या माणसांनी पकडले आणि तीन जेट्सनी. एकही चेंडू जमिनीवर पडला नाही. (त्यातला शेवटचा इंटरसेप्शन अगदी अखेरच्या क्षणी लांबवर भिरकावलेल्या चेंडूवरचा होता, तो मी त्याच्या नावावर फारसा धरत नाही.) सीझनअखेर सात टचडाउन, नऊ इंटरसेप्शन.

आता प्रेस्कॉट आणि रसेल विल्सन. ही दोन नावं खरी आहेत, आणि म्हणूनच हा मुद्दा सगळ्यांत फसवा आहे. २०१६ मध्ये चौथ्या फेरीतल्या प्रेस्कॉटने ५० पैकी ३९ पास, ४५४ यार्ड, पाच टचडाउन, शून्य इंटरसेप्शन असा ऑगस्ट गाजवला आणि पुढे डॅलसने १३-३ असा सीझन काढला. पण त्याला संधी मिळाली ती आधी केलन मूरचा पाय सरावात मोडला आणि मग २५ ऑगस्टला सिअॅटलमध्ये टोनी रोमोची पाठ गेली म्हणून. पुढ्यात टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन यांची लाइन, शेजारी १,६३१ यार्ड धावणारा इझिकिएल इलियट. प्रेस्कॉटचं कर्तृत्व मी तसूभरही कमी करत नाही. मुद्दा इतकाच की यातलं बहुतेक काही ऑगस्टच्या त्या आकड्यांत नव्हतं.

शिवाय ज्यांचं जमलं त्यांचीच नावं घ्यायची आणि बाकीच्यांची विसरायची, हा कुठला न्याय? २०१७ मध्ये क्लीव्हलँडने दुसऱ्या फेरीतल्या डिशोन कायझरला ऑगस्टमध्येच मुख्य क्वार्टरबॅक केलं. तेव्हा प्रीसीझनचे सामने चार असत, आणि संघाने ते चारही जिंकले होते. खऱ्या सीझनमध्ये ०-१६. कायझरचे २२ इंटरसेप्शन, लीगमध्ये सर्वाधिक. डेट्रॉइटनेही २००८ मध्ये हेच केलं होतं: प्रीसीझन ४-०, सीझन ०-१६.

एखाद्या पासच्या क्लिपबद्दल फार बोलायची गरज नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा ऑगस्टमधला सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, त्यामुळे इथल्या बहुतेकांनी सामना पाहिलेला नसतो, क्लिप पाहिलेली असते. ट्रे लान्सचा २०२१ मधला ८० यार्डांचा टचडाउन अशीच एक. त्या सामन्यात त्याने १४ पैकी पाचच पास पूर्ण केले होते, हे क्लिपमध्ये कुठे दिसणार? त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोने दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला दिलं. उलट पेटन मॅनिंगचा १९९८ मधला पहिलाच प्रीसीझन पास मार्विन हॅरिसनकडे ४८ यार्डांचा टचडाउन होता. त्या वर्षी संघ ३-१३ आणि त्याचे इंटरसेप्शन २८. तो पुढे या खेळातल्या थोर क्वार्टरबॅकपैकी एक झाला, हे सांगायला नको. पहिल्या पासवरून त्यातलं काय ओळखता आलं असतं?

राहिला प्रशिक्षकांचा मुद्दा. ते ऑगस्टवरून ठरवतात हे अर्धसत्य आहे. ते ऑगस्ट बघतात, पण आपण बघतो ते नव्हे. सिअॅटलचा प्रशिक्षक पीट कॅरलने २०१२ मध्ये मॅट फ्लिनला बाजूला सारून रसेल विल्सनला निवडलं, तेव्हा त्याने आधी त्याला कॅन्सस सिटीविरुद्ध पहिल्या फळीबरोबर सुरुवातीपासून खेळवून पाहिलं. हल्ली तर दोन संघ दोन-दोन दिवस एकत्र सराव करतात, तिथे मुख्य फळी मुख्य फळीला भिडते, आणि अनेक प्रशिक्षक त्या सरावाला सामन्यापेक्षा जास्त वजन देतात. त्याचा स्कोअर कुठे छापून येत नाही. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सने प्रीसीझनमध्ये चार टचडाउन दिले, इंटरसेप्शन शून्य. तरी प्रशिक्षक अँडी रीडने त्याला अॅलेक्स स्मिथच्या मागे जवळपास अख्खं वर्ष बसवला. एकच सामना दिला, तोही सीझनचा शेवटचा. रीड आकड्यांवर भाळला नाही. पुढच्या वर्षी त्याच माहोम्सचे ५० टचडाउन पास.

मग प्रीसीझन बघायचाच नाही का? बघायचा, आणि मी तर आवर्जून बघतो. 'ऑगस्टला काही अर्थच नसतो' हे दुसरं टोकही मला मान्य नाही. फक्त नजर चेंडू सुटल्यानंतर काय झालं यावर नको, सुटण्याआधी काय झालं यावर हवी.

प्रत्येक स्नॅपआधी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज असतो आणि चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतरचा सगळा कारभार पोराचा. १० ऑगस्ट २०२४ ला जेट्सविरुद्ध वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सने केवळ तीन पास टाकले. त्यातल्या एकावर वरून आलेली चाल धावण्याची होती. लाइनवर उभं राहून त्याने बघितलं की कडेला डायमी ब्राउनसमोर एकटाच बचावपटू आहे, तिथल्या तिथे चाल बदलली आणि ४२ यार्डांचा पास टाकला. ब्राउनच्या हातून तो सुटला असता तरी माझं मत बदललं नसतं. समोरच्या बचावाची मांडणी त्याने वाचली होती आणि पहिल्याच सामन्यात चाल बदलायची हिंमत केली होती. मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

अशा आणखी काही गोष्टी बघता येतात. वेळेत हडलमधून (चाल सांगायच्या घोळक्यातून) बाहेर येतो का, की घड्याळ संपून दंड बसतो. पहिला रिसिव्हर झाकला गेला की डोळे दुसऱ्याकडे जातात का, की आधी पायच पळायला लागतात. दबाव आला की चेंडू बाहेर फेकून देतो, की मागे मागे सरकत जाऊन सॅक ओढवून घेतो. दुबळ्या लाइनचा दोष खरा असतो, पण प्रत्येक सॅक लाइनच्या माथी मारणंही बरोबर नाही. जो चेंडू हातात धरून बसतो, त्याची ती सवय चांगल्या लाइनमागेही सहजासहजी जात नाही.

आणि एवढं बघूनही सप्टेंबरमध्ये धीर धरावा लागतो. २०२४ मध्ये डेन्व्हरच्या बो निक्सने ऑगस्टमध्ये ३० पैकी २३ पास पूर्ण केले, दोन टचडाउन दिले आणि प्रशिक्षक शॉन पेटनने त्याला मुख्य क्वार्टरबॅक केलं. पहिल्या तीन खऱ्या सामन्यांत त्याचा एकही टचडाउन पास नाही, इंटरसेप्शन चार. ऑगस्टमध्ये आकड्यांवर भाळलेले बरेच जण तेव्हा आकड्यांवरूनच उलटले. पेटनने त्याला हलवलं नाही. पहिला टचडाउन पास चौथ्या आठवड्यात आला. सीझन संपला तेव्हा निक्सच्या नावावर २९ होते आणि डेन्व्हर २०१५ च्या सीझननंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये होतं.