‘नक्की येतो’ म्हणजे करार नव्हे

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: आमंत्रणाला ‘नक्की येतो’ असं उत्तर दिलं की कायद्याने करार होतो, न गेल्यास यजमान ताटाचे पैसे वसूल करू शकतो. माझ्या मावशीने तो खरा मानला आणि चुलत दिरांना फोन लावला, “भावोजी, पाच पानांचे पैसे द्या.” तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला आहे. मला ते सहन होत नाही, म्हणून लिहितोय.

‘प्रस्ताव आला, होकार दिला, झाला करार.’ ही अर्धीच गोष्ट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे आपसात ठरलेली प्रत्येक गोष्ट करार ठरत नाही. कायद्याने बजावता येते तीच ठरते. १९१९ साली इंग्लंडमध्ये बालफोर दांपत्याचा खटला गाजला. नवरा नोकरीला सिलोनमध्ये, बायको आजारपणामुळे इंग्लंडात. दरमहा ३० पौंड पाठवीन, असं त्याने कबूल केलं होतं. अपिलात बायको हरली, कारण नवरा-बायकोतली ती कबुली कायद्याने बांधून घेण्यासाठी दिलेली नव्हती. न्यायमूर्ती ॲटकिन यांनी तिथे दिलेला दाखला तर थेट आपलाच आहे: पाहुणचार देऊ केला नि समोरच्याने तो स्वीकारला, तरी त्यातून करार होत नाही.

‘पण यजमानाचा खर्च झाला, तोच करारासाठी लागणारा मोबदला.’ या मुद्द्यात थोडा जीव आहे. हावड्याच्या टाउन हॉलसाठी एकाने १०० रुपये वर्गणी कबूल केली आणि नंतर दिली नाही. १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती त्याला भरायला लावली. कारण वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं जाणार, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याने पैसेच कबूल केले होते. पाहुणा कबूल करतो ते येणं. ताटाचे पैसे देईन असं तो कधीच म्हणत नाही.

‘मेसेज हा लेखी पुरावा आहे.’ असेल. तो ‘येतो’ म्हटल्याचा पुरावा, कराराचा नव्हे.

सहलीसाठी सगळ्यांनी पैसे गोळा करून हिशेब ठरवला, तर गोष्ट वेगळी. तिथे न्यायालय करार मानू शकतं. मावशीचाही एक पक्का करार होताच. तिने केटररला ४०० पानांची हमी दिली होती. ३६० पानं उठली, तरी बिल ४०० चंच आलं. त्या कागदावर सह्या दोनच आहेत, मावशीची आणि केटररची. भावोजींची कुठेच नाही.