‘थिएटरात आग’ या वाक्याबद्दल खुलासा

‘भरल्या थिएटरात “आग, आग” ओरडणं गुन्हा, असा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, म्हणजे भाषणस्वातंत्र्य तिथेही नावालाच,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे.

१९१९च्या त्या खटल्यात ना थिएटर होतं, ना आग. चार्ल्स शेंक या समाजवादी कार्यकर्त्याने सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं छापून भरतीत नाव आलेल्या तरुणांना टपालाने पाठवली होती. त्यांवर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती छापलेली. एवढ्यावरून १९१७च्या हेरगिरी कायद्याखाली शिक्षा! ती कायम करताना न्यायमूर्ती होम्स यांनी आगीचं उदाहरण दिलं, तेही ‘खोटीच’ ओरड करून घबराट माजवणाऱ्याचं. ‘भरल्या’ हा शब्द मागाहून कुणीतरी चिकटवला. आणि ‘खोटीच’ मात्र सोयीस्करपणे गळाला.

शिवाय १९१९च्या त्या निकालात शिक्षेसाठी लावलेला निकष आज चालत नाही. १९६९ साली ओहायो राज्यातल्या कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेच्या एका पुढाऱ्याची शिक्षा रद्द करताना कोर्टाने नवा निकष घालून दिला: बोलणं तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्यासाठीच असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल, तरच चिथावणी म्हणून शिक्षा. खोटी ओरड करून चेंगराचेंगरी घडवली तर आजही खटला होऊ शकतो, पण पत्रक वाटणं ही वेगळी गोष्ट.